सेल आले का?

“आणि हे शून्य कुणाचं?”

हेमगिरीबाबांचं बोट यादीच्या एकेचाळिसाव्या ओळीवर थांबलं होतं.

सुयोगला हसूच आलं. शून्य काय कुणाचं असतं? बॅटरीचे सेल गेल्या वर्षभरात एकही खपले नव्हते, म्हणून पावसाळ्यासाठी एकही मागवायचा नव्हता. सरळ गोष्ट होती. पण म्हाताऱ्या गोसाव्याला समजावत बसायचं म्हणजे वेळ जाणारच, हे धरूनच तो आला होता.

चिरेखिंडीच्या माथ्यावर मठ, आणि मठाच्या पडवीत तिथल्या वाडीचं एकुलतं एक दुकान. दुकान बाबाच चालवायचे, कारण एवढं चढून मीठ-मिरची विकायला दुसरा कोण शहाणा येणार होता? पाऊस लागला की वाट बंद. आधी जो माल वर चढेल, त्यावर वाडीनं चार महिने काढायचे. काय चढवायचं ते सुयोगची यादी ठरवणार होती. डोंगरातल्या दुकानांना माल पुरवणाऱ्या संस्थेनं त्याला त्यासाठीच ठेवला होता. यादी आज पायथ्याहून संध्याकाळी सातच्या जीपनं जायची होती, आणि बाबांची सही तेवढी राहिली होती.

सुयोगचं सकाळपासून मशीन लर्निंगचं सगळं पुराण सांगून झालं होतं. संगणकाला मागची विक्री शिकवायची, मग तो पुढची सांगतो. इथली विक्री ती केवढीशी, मूठभर. पण सुयोग काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. आसपासच्या सात वाड्यांच्या दुकानांची माहिती त्यानं उसनी घेऊन जोडली होती. तिथंही सेल शून्यच.

“आठही ठिकाणी?”

“आठही ठिकाणी, बाबा. म्हणून तर खात्री.”

“हं…”

दुपारपासून वीज नव्हती. लॅपटॉप मिटला होता. मग सुयोगनं फोनवर आलेख दाखवले होते, एकामागून एक, अगदी हौसेनं, आणि फोननंही मघाशीच मान टाकली होती. बाबांनी मात्र एकाही आलेखाकडे धड पाहिलं नव्हतं. त्यांनी उठून मुंग्या आत येऊ नयेत म्हणून उंबऱ्यात धुनीची राख पसरली आणि समाधीपुढची समई लावली.

तेवढ्यात दारात कुणी बाई आली.

“बाबा, सेल आले का?”

“नाही आले, भागाबाई.”

दाराकडे पाठ होती म्हणून सुयोगला ती दिसली नाही. आवाज दमलेला होता, चढ चढून आल्यासारखा. परत जाणारी पावलं मात्र ऐकू आली नाहीत.

बाबा म्हणाले, “लिहिलंस?”

लिहायचं काय, असं सुयोगनं विचारलं. तिनं काही घेतलंच नव्हतं. विक्री झाली की नोंद होते, नाही झाली तर कशाची नोंद करायची? बाबांनी मान हलवली. त्यांना ते पटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

खाली दरीत ढग भरून येत होते. सहा वाजून गेले असतील. सुयोगनं सहीसाठी पेन पुढे केलं.

“बाबा, सेल आले का?”

तोच आवाज. तेच शब्द.

“नाही आले, भागाबाई.”

या खेपेला सुयोगनं झटकन मान वळवली. दारात कुणी नव्हतं. अंगण रिकामं. त्याची नजर उंबऱ्यावर गेली… राख जशी पसरली होती तशीच होती. तिच्यावर पाऊल सोडा, साधी रेघ उमटली नव्हती.



त्यानं विचारलं, ही भागाबाई कोण? बाबांनी सांगितलं, तेही भाजीचा भाव सांगावा तसं. भागाबाई वाडीची सुईण. गेल्या श्रावणात खालच्या पाड्यावरची एक बाळंतीण अडली होती, तिचा सांगावा आला. दिवेलागणीला भागाबाई इथं सेल मागायला आली. नव्हते. घरी जाऊन, कोनाडे धुंडाळून पुन्हा आली. तरी नव्हते. मग चूड पेटवून निघाली. एकपावलीवर पावसानं चूड विझली.

एकपावली म्हणजे कड्यावरची ती अरुंद जागा, जिथं एका वेळी एकच पाऊल मावतं. सकाळी सुयोग तिथं कड्याला छाती लावून, जीव मुठीत धरून सरकला होता, तेही लख्ख उन्हात.

“मग ती…”

“तिसऱ्या दिवशी सापडली.”

“आणि बाळंतीण?”

बाबांनी समईची वात पुढे सारली.

दुकानात सेल का नव्हते, हे सुयोगनं विचारलं खरं, पण शब्द तोंडातून निघता निघताच त्याला आठवलं. गेल्या पावसाळ्याची, पहिली यादी त्यानंच केली होती. चैत्र-वैशाखाच्या दोन महिन्यांवरून, कारण तेव्हा तेवढीच माहिती हाताशी होती. उन्हाळ्यात माणसं चांदण्यात निजतात, सेल कुणाला लागतात? तीन जोड्या खपल्या होत्या. तीन जोड्यांसाठी जागा कशाला अडवायची, म्हणून त्यानं ती ओळ काढली होती. इथली काढली, आणि त्या सात वाड्यांतलीही.

बाबांनी नंतर संस्थेला दोनदा चिठ्ठी धाडली होती. माल यादीत नाही, असं उत्तर दोन्ही वेळा आलं होतं.

नव्हतेच, म्हणून खपले नाहीत. खपले नाहीत, म्हणून नव्हते. आणि ते शून्य घेऊन आपण सकाळपासून या माणसापुढे मिरवत होतो, याची त्याला शरम वाटली. शरमेपेक्षा भीती जास्त वाटली.

तो भराभरा म्हणाला, यादी मी आत्ता दुरुस्त करतो, सेल घालतो, पण खाली जाऊन जीप गाठलीच पाहिजे. जीप चुकली तर संस्थेवाले गेल्या वर्षीचीच यादी कायम धरणार होते. त्यानं एकेचाळिसावी ओळ खोडली, वर ठळक आकडा लिहिला. बाबांनी सही केली.

सुयोग पिशवी उचलून दारात आला आणि थबकला.

ढग उतरून वेळेआधीच काळोख झाला होता, बाहेर काही दिसत नव्हतं. अंगण संपून वाट कुठं सुरू होते, तेसुद्धा नाही. फोन मेलेला. मठात उजेड म्हणावा तर समाधीपुढची समई, आणि वारा असा की ती उंबऱ्यापर्यंतही टिकली नसती. कोनाड्यात बाबांची जुनी बॅटरी होती. त्यानं धावत जाऊन ती उचलली, बटण दाबलं. हाताला हलकी लागली. आत पोकळी होती.

थांबावं, तर सेलाविना वाडीचा आणखी एक पावसाळा. जावं, तर एकपावली.

तो उंबऱ्याबाहेर उभा राहून आत वळला. काय बोलतोय हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. आवाज त्याचाच होता, दमलेला.

“बाबा, सेल आले का?”

बाबांनी विक्रीची वही ओढली, कोरं पान काढलं आणि त्याच्याकडे वळवून धरलं.

“नाही आले. आता मांड, पोरा… किती खपले?”