भिंतीवरचं घर

"मॅडम, भिंत बरोबर आहे. चुकतात ते काकांचे डोळे. त्यांना सांगा ना, बघायचं कसं?"

सर्वेश घाणेकरच्या आवाजाला धार आली होती. संध्याकाळी स्टुडिओ दुसऱ्या तुकडीच्या ताब्यात जाणार होता आणि त्याच्या डिप्लोमा फिल्मचा शेवटचा शॉट काही केल्या जमत नव्हता.

समोर एलईडीची अर्धगोल भिंत. तिच्यावर देवरुखजवळचं त्याचं घर... कौलं, ओटी, अंगणातला चाफा. वडिलांकडून फोटो मागवून मागवून, वर्षभर खपून त्याने ते कॉम्प्युटरवर उभं केलं होतं. कॅमेरा सरकला की भिंतीवरचं चित्रही त्याच्या हिशेबाने सरकायचं, आणि मॉनिटरवर घर जागच्या जागी, अगदी खरं दिसायचं.

प्रसंग साधा होता. मुलगा शहरात निघून गेलाय, बाप अंगणात उभा राहून घराकडे बघतोय, कॅमेरा हळूहळू मागे जातोय. बाप म्हणजे रेडकरकाका, नाटकात केस पांढरे झालेले नट. पण त्यांची नजर घरावर ठरतच नव्हती.

"तुझे वडील असतात कुठे रे?" काकांनी मध्येच विचारलं.

"तिथंच. त्याच घरात. ते कुठे जाणार?"

"आणि तू कधी गेला होतास?"

"काका, हे घर बनवण्यात वर्ष गेलं माझं. गावी जायला वेळ कुठला?"

काका भिंतीकडे पाठ करून खुर्चीत बसले.

हे तंत्र शिकवणाऱ्या तुस्कानो मॅडम पुढे आल्या. त्या म्हणाल्या, "सगळे चहा घेऊन या. सर्वेश, तू थांब."

हॉल रिकामा झाला.

"काका उभे होते त्या खुणेवर उभा राहा."

"मला अभिनय येत नाही, मॅडम."

"कोण सांगतंय करायला? घराकडे बघ."

तो नाइलाजाने उभा राहिला. मॅडमनी कॅमेऱ्याला डोळा लावला, त्याखालची ट्रॉली स्वतःच ओढायला घेतली, आणि मागे जाऊ लागल्या.

ओटी ताणली गेली. दार बाजूला घसरलं. चाफा तिरका होत होत कडेला गेला. सर्वेश नजरेने दाराचा पाठलाग करत राहिला, पण ते कुठे थांबेना. अंगणातलं पिवळं ऊन त्याच्या सदऱ्यावर पडलं होतं. त्याला ऊब नव्हती.

एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्याला स्वतःचा श्वास ऐकू आला.

"मॅडम... घर निसटतंय."

ट्रॉलीची चाकं तेवढी वाजत होती.

"थांबवा ना. मी बघू तरी कुठे?"

मॅडमनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही. त्या मागे मागे जातच राहिल्या...

"माझ्या इथून तर ते जागचं हललेलं नाही, सर्वेश."