गप्प बसलेली ठकूबाई

फार वर्षं झाली. बोरखिंडीच्या चर्चवर तेव्हा गवताचं छप्पर होतं, त्या काळची ही गोष्ट. गावात ठकूबाई नावाची एक बाई राहायची. तिच्या तोंडाला सगळा गाव वचकून असे. ती ओढ्यावर भांडायला लागली, की लोक धुणं न धुताच घरी परतायचे. तिचा आवाज ऐकून पलीकडच्या गावची गुरंसुद्धा गोठ्यात जायची, असं म्हणतात. खरंच जायची का, ते मला विचारू नका, गुरांना विचारा.

एका रविवारी पाळकसाहेबांनी उपदेश केला, की देवाला सौम्य आणि शांत आत्मा फार आवडतो. ठकूबाईच्या काळजात चर्र झालं. देवावर तिचा भारी जीव. आपण त्याला आवडतच नाही की काय, या विचारानं तिला भाकर गोड लागेना. तिच्या शेजारी सलोमीबाई राहायची. ती इतकी हळू बोलायची, की तिची हाक तिच्या कोंबड्यांनाही ऐकू यायची नाही. ठकूबाईनं ठरवलं, आपण सलोमीच व्हायचं. तिनं देवाला तसा शब्द दिला.

झालं! ठकूबाई मान खाली घालून चालू लागली. शेळ्यांनी तिच्या दारचा वेल खाल्ला, तर म्हणाली, "खा गं बायांनो." तेलवाल्यानं मापात मारलं, तर म्हणाली, "देव तुझं भलं करो." सगळे शब्द घशात अडकून तिला उचकी लागली, ती काही थांबेना. त्या उचकीनं फळीवरची भांडी हलायची, असं म्हणतात. पण देवाला आवडायचं म्हणून बिचारी सगळं सोसत राहिली.

मग सुगीचा सण आला. लोकांनी चर्चमध्ये दान आणलं, कुणी भोपळे, कुणी कणसं, कुणी कोंबड्या. सलोमीबाईनं शेळी आणली होती, दोरी हातात धरून ती दाराशीच बसली. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. त्यांची प्रार्थना लांब असे. सगळ्यांनी डोळे मिटले, आणि शेळीच्या वासानं उघड्या दारातून बिबट्या आत आला.

उचकी आली म्हणून ठकूबाईनं डोळे उघडले. बघते तर बिबट्या सलोमीबाईपासून हातभरावर. सलोमीबाईनंही त्याला पाहिलं होतं, तोंड उघडलं होतं, पण आवाज फुटत नव्हता. ओरडावं, तर देवाला दिलेला शब्द मोडतो, तोही त्याच्याच घरात. गप्प राहावं, तर सलोमी जाते. ठकूबाईनं वर पाहिलं. "देवा, वाईच कान झाक," म्हणाली, आणि सुटली.

"अरं ए ठिपक्या! सण कशाचा हाय, ठावं हाय का? लोक द्यायला आल्यात, आन् तू न्यायला आलास? हात हलवीत! एक भोपळा तरी आणायचास! प्रार्थना चाललीय, दिसत न्हाई? डोळं मीट आधी!"

छपराचं गवत उडालं, घंटा आपोआप वाजली. बिबट्यानं कान पाडले, खाली बसला, आणि खरोखर डोळे मिटले, असं म्हणतात. मग तो बसल्या बसल्याच मागं सरकत दाराबाहेर गेला. पाळकसाहेब "आमेन" म्हणाले. ते प्रार्थना संपली म्हणून की भीतीनं, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

ठकूबाईची उचकी थांबली होती, पण ती मटकन खाली बसली आणि हमसून हमसून रडू लागली. "म्या शब्द मोडला वं पाळकसाहेब. आता देव मला जवळ करायचा न्हाई."

पाळकसाहेब तिच्याजवळ भुईवर बसले. "ठकूबाई, तो शब्द देवानं मागितला होता का? त्याला सलोमी पाहिजे होती, ती त्यानं केली. मग तुम्हाला कशाला केलं? सौम्य म्हणजे मुकं नव्हे. आज तुम्ही दुसऱ्याच्या जिवासाठी तोंड उघडलंत. देवाच्या मनातली ठकूबाई मी आज पाहिली."

आणि सलोमीबाई सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "ठके, तू बोलत जा गं!"

ठकूबाई पुढंही जन्मभर भांडली, पण बहुतेक दुसऱ्यांसाठी. तेलवाल्यानं तर रस्ताच बदलला.

बोरखिंडीत आजही बाप्तिस्म्याच्या वेळी गार पाणी कपाळाला लागून लेकरू किंचाळलं, तर त्याला कुणी गप्प करत नाही. पाळक हात थांबवून उभे राहतात. लेकरू मनसोक्त रडतं, आणि म्हातारी माणसं ठकूबाईचं नाव घेऊन म्हणतात, "रडू द्या. देवानं कोण धाडलंय, ते कळू द्या."