शिंपिणीचं घरचं माप

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा मांजरं माणसांशी बोलायची आणि माणसांना त्यात काही नवल वाटायचं नाही. त्या काळी एका राजाच्या राज्यात, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात, एक शिंपीण राहत होती.

बाई मोठी गुणाची. तिच्या हातचं पोलकं अंगात चढलं की काळीसावळी पोरसुद्धा उजळून दिसायची. पण तिचं दुकान काही नव्हतं हं! घरातच शिवायची, घर सांभाळून शिवायची. सकाळी भाकऱ्या थापायच्या, गाडीवान नवऱ्याला न्याहारी बांधून द्यायची, लेकीची वेणी घालून तिला पाठशाळेत धाडायचं, आणि मग ओसरीवर चटई टाकून बसायचं. लेक परत दारात दिसली की सुईदोरा डब्यात आणि बाई चुलीपाशी. वर्षभर ही घडी अशी झकास बसलेली असायची.

पण उन्हाळा आला की पाठशाळेला सुट्टी लागायची, आणि झालं! आज पाहुणे, उद्या कुरडया, परवा पापड. "आई, भूक लागली." "काकू, हा मला मारतो." कच्चे टाके घातलेल्या बाहीवर कुणी खुशाल मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी मांडून ठेवायचं. आणि नेमके तेच लग्नसराईचे दिवस, म्हणजे गावातल्या सगळ्या बायकांना कपडे तेव्हाच हवे! शिंपिणीच्या अगदी नाकी नऊ यायचे.

अशाच एका सुट्टीच्या सुरुवातीला तिला सरदाराच्या गढीवरून बोलावणं आलं. सुट्टी संपता संपता राजेसाहेब गावाला भेट देणार होते, आणि त्यांना ओवाळण्याचा मान सरदाराच्या लेकीला मिळाला होता.

सरदारीणबाईंनी जरीचं कापड पुढ्यात टाकलं. म्हणाल्या, "राजेसाहेबांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे, असं परकर-पोलकं शीव."

शिंपीण हरखून गेली. तिची शिवण खुद्द राजा बघणार! ती म्हणाली, "शिवते की, बाईसाहेब. ताईसाहेबांना मापाला कधी पाठवता?"

"छे गं बाई! या उन्हात माझी पोर ताटकळत उभी राहायची नाही. तुझी बकुळा आहे की! पाठशाळेत गुरुजी उंचीप्रमाणे रांग लावतात, तेव्हा दोघी शेजारी शेजारी असतात. अंगानंही सारख्याच. तिच्याच अंगावर बेत."

आता, ज्याचा कपडा त्याच्याच अंगावर बेतावा, हे शिंप्याच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. शिंपिणीला ते कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण राजाच्या नजरेचा मोह पडला ना! वर तिच्या मनात आलं, पोरगी सुट्टीत घरीच तर आहे, दिवसभर उनाडण्यापेक्षा उभी राहील. आयतीच सोय झाली की!

बकुळा मात्र सुट्टीची वाट वेगळ्याच गोष्टीसाठी बघत होती. तिला मामाच्या गावाला जायचं होतं, आणि आईबरोबर जायचं होतं. तिथे आई शिवायची नाही. ओढ्यात पाय सोडून बसायची, गाणी म्हणायची, बकुळाच्या केसांना निवांत तेल चोळायची. ती आई वर्षातून एकदाच भेटायची.

"आई, मामाकडे कधी जायचं?"

"हे पोलकं झालं की लगेच. अगदी दुसऱ्या दिवशी. उभी राहा बघू नीट."

बकुळा उभी राहिली. अंगावर दुसरीची जर, आणि ठिकठिकाणी टोचणाऱ्या टाचण्या. कुंपणापलीकडून मैत्रिणी हाका मारायच्या, "बकुळे, करवंदं पिकलीत! येतेस का?" तिने नुसती मान वळवली तरी आई ओरडायची, "हलू नकोस!" मग ती हलायची नाही. पाय भरून आले तरी हलायची नाही. हे काम लवकर संपावं, एवढंच तिला वाटायचं.

एके दिवशी दुपारी उन्हाने जीव कासावीस झाला होता. चुलीवर आमटी उकळत होती, दारात शेजारीण "माझी चोळी झाली का?" म्हणून खोळंबली होती. शिंपिणीने पोलकं बकुळाच्या अंगात घातलं, तर काखेत जरा घट्ट लागलं. तिचं डोकंच फिरलं.

"काय गं हे? परवा तर बरोबर बसत होतं! हे बघ, हे पोलकं होईस्तोवर अंग वाढवू नकोस हं. बोटभर जरी वाढलीस तरी सगळं उसवत बसावं लागेल मला. मग कसलं मामाचं गाव नि कसलं काय!"

बकुळाने विचारलं, "अंग कशानं वाढतं, आई?"

"खाऊन! आणखी कशानं? हात वर कर."

बोलली आणि विसरली. आपण नाही का दिवसभरात असं काहीबाही बोलत? शिंपिणीच्या मनात राग नव्हता, दुष्टावा नव्हता. नुसती घाई होती. आमटी उतू जायला आली म्हणून ती आत पळाली, आणि बकुळा आपल्या बारक्या दंडाकडे बघत तिथेच उभी राहिली.

सुट्टीत या घरात एकत्र पंगत अशी बसतच नव्हती. शिंपीण लेकीचं ताट वाढायची, मागच्या पडवीत ठेवायची, "जेव गं" म्हणायची आणि ओसरीवर जाऊन सुई हातात घ्यायची. थोड्या वेळाने येऊन बघावं तर ताट लख्ख. आईला वाटायचं, शहाणी आहे हो माझी पोर, ताटात शीतसुद्धा टाकत नाही.

पुढच्या वेळी पोलकं बकुळाच्या अंगावर सैल झालं.

"अगं बाई, हे सैल कसं झालं? माझंच बेतायला चुकलं म्हणायचं." शिंपिणीने दोन्ही बाजूंनी शिवण आत घेतली. काही दिवसांनी बघते तर पुन्हा सैल. "जरीचं मेलं हे कापड, ताणतंय वाटतं." पुन्हा आत घेतलं. लहान मुलांच्या कपड्यात माया ठेवायची, म्हणजे पुढे उसवून वाढवता यावं म्हणून शिवणीच्या आत जादा कापड सोडायचं, अशी साऱ्या शिंप्यांची रीत. पण जरीचं जाड कापड आतून फुगायला लागलं, तशी तिने ती मायाही कापून टाकली. राजासमोर फुगीर शिवण बरी दिसेल का?

बघा हं, काय झालं ते! बाईची नजर अशी, की टाका धाग्याएवढा सरकला तरी तिला दिसायचा. कपडा सैल झालेला तिला लगेच दिसला. आतली लेक वाळत चालली होती, ती दिसली नाही.

नवऱ्याला दिसली. एकदा बैल सोडता सोडता तो म्हणाला, "पोरगी उतरल्यासारखी वाटते गं."

"उन्हाळा आहे. सगळ्यांचीच पोरं उतरतात," शिंपीण दोरा तोडत म्हणाली. "आणि तुम्ही घरी असता कधी, तुम्हाला कळायला?" तो बिचारा बैलांना वैरण टाकायला गेला.

शेवटी परकर-पोलकं झालं. काय सुरेख झालं म्हणून सांगू! राजेसाहेब यायच्या दिवशी सकाळीच शिंपीण ते रुमालात बांधून गढीवर गेली. बकुळालाही तिने बरोबर नेलं. गावच्या बायका ओवाळणीच्या तयारीला जमल्या होत्या. रुमाल सुटला आणि "अहाहा!" झालं. शिंपिणीची मान ताठ झाली.

मग सरदाराच्या लेकीने पोलकं अंगात घातलं. म्हणजे घालायला घेतलं. हात बाहीत अर्धा गेला नि अडकला. कसाबसा ओढून घातला, तर पुढच्या दोन कडा एकमेकींपासून वीतभर लांब. पोर सुट्टीभर आंबे, पुरणपोळ्या, शिकरण खाऊन छान भरली होती, जशी त्या वयात भरायला हवी तशी. तिने श्वास ओढून धरला आणि पाठीची शिवण टर्रकन उसवली. ती पोर रडायलाच लागली.

सरदारीणबाई लालबुंद झाल्या. "हे कुणाच्या मापाचं शिवलंस गं तू?"

"बाईसाहेब, तुम्हीच तर म्हणालात... बकुळाच्या अंगावर बेतलं. दोघी सारख्याच..."

"सारख्या? आण तिला पुढे!"

बकुळा पुढे आली. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, पाठशाळेच्या रांगेत उभ्या राहायच्या तशाच. बायका बघतच राहिल्या. एकीचे गाल वर आलेले, दुसरीच्या गळ्याची हाडं वर आलेली. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "अगो बाई, घरात पोरीला खायला घालतेस की नाही?"

घालते हो, माझ्या हातांनी ताट वाढून देते, असं शिंपिणीला ओरडून सांगायचं होतं. पण त्याआधी तिची नजर लेकीकडे गेली. सुट्टी लागल्यापासून हे अंग रोज तिच्या हाताखाली होतं. ते तिने आज पहिल्यांदा बघितलं, आणि तेही चारचौघांनी दाखवलं तेव्हा. सरदारीणबाईंनीही हळूच नजर वळवली. आपल्या लेकीचं ऊन त्यांनी कुणाच्या माथी मारलं होतं, ते त्यांनाही कळलं असावं.

शिंपीण लेकीचा हात धरून मधल्या रस्त्याने न येता शेतांच्या बांधावरून घरी आली. वाटेत कुणी भेटू नये म्हणून.

घरी येताच तिची शरम रागाच्या रूपाने बाहेर पडली. "सांग, जेवण कुठे टाकत होतीस? लोकांत शोभा केलीस माझी! बोल!"

तेवढ्यात पडवीतून घरची भाटी मांजरी अंगाला आळोखेपिळोखे देत उठली. मांजरबाई होती कसली गलेलठ्ठ!

मांजरी म्हणाली, "पोरीवर कशाला ओरडता? देणारी ती, खाणारी मी. रोज दोन घास खायची आणि उरलेलं माझ्यापुढे सारायची. मला वाटलं, घरात अन्न उतू चाललंय."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही इकडे फिरकलात कधी? ताट ठेवायला यायच्या आणि उचलायला यायच्या. मी बोलायला तोंड उघडलं की तुमची पाठ दिसायची."

शिंपीण लेकीपुढे खाली बसली. "पण का गं बकुळे? का असं केलंस?"

बकुळाला खरंच आश्चर्य वाटलं. "तूच म्हणालीस ना? पोलकं होईस्तोवर अंग वाढवू नकोस. वाढलीस तर मामाकडे जायला मिळणार नाही."

शिंपिणीला ती दुपार आठवेना. आमटी आठवली, दारातली शेजारीण आठवली. आपण काय बोललो ते काही केल्या आठवेना. जो शब्द तिच्या गावीही नव्हता, तो धरून लेक इतके दिवस उपाशी राहिली होती! गढीवर लोकांपुढे वाटलेली लाज या लाजेपुढे काहीच नव्हती. लोकांपुढून निदान बांधावरून पळून येता आलं होतं. इथून कुठे पळणार? तिने लेकीला जवळ ओढलं, आणि तिची माफी मागायला शब्द शोधू लागली. सापडले नाहीत. मग ती नुसती रडली.

गढीवर सरदाराच्या लेकीने जुनंच परकर-पोलकं घालून राजाला ओवाळलं. राजाने ओवाळणी टाकली, हसून तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढे गेला. तिने काय घातलं होतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

त्या दिवशी शिंपिणीने मऊ भात केला, त्यावर तूप घातलं, आणि ताट ठेवून उठली नाही. लेकीसमोर मांडी घालून बसली आणि तिला स्वतःच्या हाताने भरवू लागली. बकुळाने पहिला घास तोंडाशी आलेला बघितला. मग आईकडे बघितलं. आणि हळूच विचारलं, "आई, आता मी मोठी झाले तर चालेल ना?"

शिंपिणीचा हात तिथेच थांबला. तो प्रश्न ती जन्मभर विसरली नाही.

मामाकडे जाणं राहिलंच. बकुळाच्या अंगात तेवढा प्रवास करायची ताकद नव्हती, आणि ताकद येईपर्यंत पाठशाळा सुरू झाली. पुढे ती सावरली, चांगली उंच झाली. सरदाराच्या घरचं काम शिंपिणीला पुन्हा मिळालं नाही, आणि तिने ते मागितलंही नाही. ती शिवत राहिली. पोट का कुणाला सुटलं आहे? पण रस्त्यात कुठल्याही लेकराच्या अंगावर सैल कपडा दिसला, की ती मान खाली घालायची आणि त्या लेकराला थांबवून विचारायची, "जेवलास का रे बाळा?" लोक हसायचे. हसोत बापडे.

बाळांनो, तुम्ही ऐकलंत. आता तुमच्या आईबापांनाही सांगा : घाईत बोललेला शब्द मोठी माणसं विसरून जातात, पण लेकरू तो पाळत बसतं.