पिक्कू उंदरी आणि तुटलेली तार

दूर, खूप दूर, फिनलंड नावाचा देश. तिथे एक जंगल. काळंकाळं. जंगलाशेजारी एक लाकडी घर. घराच्या पायरीखाली एक बीळ. बिळात राहायची पिक्कू उंदरी. आणि तिची तीन पिल्लं. एवढीएवढीशी.

घरात राहायची हिल्माकाकू. तिच्याकडे एक वाद्य होतं. त्याचं नाव योहिक्को. लाकडाची पेटी, आणि वर घोड्याच्या केसांच्या तारा. रोज संध्याकाळी काकू ते मांडीवर घ्यायची. तारांवरून गज फिरवायची. घुंऽऽ घुंऽऽ! तो आवाज ऐकला, की जंगलातला कोल्हा पळून जायचा. पिल्लं झोपी जायची.

एकदा काय झालं? काकूने गज फिरवला. घुंऽऽ... टण्!

तार तुटली. गाणं थांबलं. सगळं चिडीचूप.

आणि जंगलातून आवाज आला. खसफस... खसफस...

"आई, कोल्हा!" पिल्लं थरथरली.

"बिळातच बसा. हलू नका," पिक्कू म्हणाली. तीही घाबरली होती. तरी ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काकू, काकू, वाजव ना!"

"कशी वाजवू, बाई? तार तुटली. आधी घोड्याचे केस आण."

पिक्कू गेली घोड्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"घोड्या, घोड्या, केस दे!
काकू काही वाजवेना,
कोल्हा काही जाईना!"

"नाही देत जा! आधी मला गवत आण."

खसफस... खसफस... कोल्हा कुंपणापाशी आला.

पिक्कू गेली काल्लेमामाकडे. मामा गवत कापायचा. तुरुतुरु, तुरुतुरु.

"मामा, मामा, गवत काप!
घोडा केस देईना,
काकू काही वाजवेना,
कोल्हा काही जाईना!"

"नाही कापत जा! विळा बोथट झालाय. धार लावायला आधी पाणी आण."

खसफस... खसफस... कोल्हा अंगणात आला.

पिक्कू गेली ओढ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ओढ्या, ओढ्या, पाणी दे!
मामा गवत कापेना,
घोडा केस देईना,
काकू काही वाजवेना,
कोल्हा काही जाईना!"

"नाही देत जा! झाडाची फांदी पडलीय. माझी वाट अडलीय. आधी झाडाला सांग."

खसफस... खसफस... कोल्हा पायरीपाशी आला. खरर! खरर! बीळ उकरू लागला!

"आई! आई गं!" पिल्लं रडली.

पिक्कूला रडू आलं. पण ती थांबली नाही. गेली झाडाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"झाडा, झाडा, फांदी उचल!
ओढा पाणी देईना,
मामा गवत कापेना,
घोडा केस देईना,
काकू काही वाजवेना,
कोल्हा काही जाईना!"

झाड सळसळलं. "कशी उचलू, पिक्कू? मला हात नाहीत. फांदी सालीला अडकलीय. साल कुणी कुरतडली, तरच सुटेल."

"कुरतडली? मी कुरतडते!"

पिक्कू फांदीवर चढली. खाली काळं पाणी. पाय घसरला. सट्! तिने डोळे मिटले. फांदी घट्ट धरली. आणि दात चालवले. कुरुकुरु, कुरुकुरु... काड्!

पिक्कूने टुणकन काठावर उडी मारली. फांदी सुटून वाहत गेली. ओढा वाहू लागला. खळखळ, खळखळ.

ओढ्याने मामाला पाणी दिलं.
मामाने विळ्याला धार लावली. घस्स घस्स.
मामाने गवत कापलं. सप् सप्.
घोड्याने गवत खाल्लं. कचकच.
घोड्याने शेपटीचे केस दिले.

पिक्कूने केस तोंडात धरले. आणि पळाली! तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु!

कोल्ह्याचं नाक बिळात शिरलं होतं. पिल्लं अगदी कोपऱ्यात सरकली होती.

"काकू, काकू, हे घे केस!"

काकूने केसांना पीळ दिला. तार ओढली. गज फिरवला.

घुंऽऽ! घुंऽऽ! घुंऽऽ!

कोल्हा दचकला. नाक बाहेर. शेपूट खाली. धूम पळाला जंगलात!

पिक्कू बिळात शिरली. अंधारात हात फिरवला. एक... दोन... तीन. तिन्ही होती!

"आई, तू घाबरलीस?" धाकट्याने विचारलं.

"हो रे बाळा. खूप घाबरले."

मग तिघंही तिच्या पोटाशी शिरली. बाहेर काकू वाजवत राहिली. घुंऽऽ... घुंऽऽ... घुंऽऽ...