कासीमचाचांच्या गाडीचं फोर्क ऑइल

"मग चाचा, दुकान कधी टाकू?"

कासीम पटवेगारांनी मान वर केली नाही. ते कार्ब्युरेटरच्या एका बारीक भोकातून उजेड दिसतो का ते बघत होते.

रणधीर सुतार हे चौथ्यांदा विचारत होता. डिप्लोमा घेऊन तो आजऱ्याच्या या गॅरेजात आला, त्याला सहा वर्षं झाली होती. गडहिंग्लजला गाळा ठरला होता. पाटीसुद्धा रंगवून तयार होती. नावाखाली एक ओळ तेवढी कोरी ठेवली होती. तिथे त्याला 'कासीम उस्तादांचा शागीर्द' असं लिहायचं होतं, आणि चाचांनी हो म्हटल्याशिवाय ते लिहायची त्याची छाती नव्हती.

एरवी त्याची छाती कुठे कमी पडत नसे. गाडी दारात यायच्या आधीच तो आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. आणि सांगून झालं की ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत जरा थांबायचा.

"माझ्या गाडीचं फोर्क ऑइल बदल," चाचा म्हणाले. "मी चालवून बघतो. मग बोलू."

एवढंच? रणधीरला हसू आलं.

चाचांची गाडी म्हणजे सत्तावीस वर्षांची टूरिंग मोटारसायकल. समोर मोठी काच, मागे दोन्ही बाजूंना पेट्या, बसायला ऐसपैस सीट. पण दोन वर्षं ती कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी होती. पुढचं चाक ज्या दोन नळ्यांनी धरलेलं असतं, त्या फोर्कमधलं तेल पार मरून गेलं होतं. रस्त्यावरचा प्रत्येक दणका थेट हँडलवर यायचा.

रणधीरने दुपारभरात काम उरकलं. काळंकुट्ट तेल सोडलं, नळ्या धुतल्या आणि ब्रेक मारल्यावर गाडीने नाक खाली घालू नये म्हणून दुकानातलं सगळ्यात जाड तेल भरलं. वर नळ्या पॉलिश करून आरशासारख्या केल्या.

चाचा हिरण्यकेशीच्या पुलापर्यंत गेले आणि दहा मिनिटांत परत आले.

"कसा आहे फोर्क?"

"जोरदार. वाटभर दुसरं काही सुचलंच नाही. नुसता फोर्क, फोर्क."

रणधीरचा चेहरा फुलला.

"सोड ते ऑइल," चाचा म्हणाले. "परत भर."

…

पुढच्या दिवशी त्याने गाडीचं पुस्तक काढलं आणि त्यात लिहिलंय तेच तेल, मोजपात्राने, थेंबाचा फरक न पडू देता भरलं. या खेपेला चाचांना अर्धा तास लागला. बरा आहे, म्हणाले. पुलापर्यंत आठवला नाही, पुढे आठवला.

रणधीरचं डोकं तापलं. जाड झालं की पातळ, कमी पडलं की जास्त, एकदा आकडा सांगून टाका, असं तो चाचांना म्हणाला. सहा वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला होता.

"आकडा पुस्तकात असेल की."

"पुस्तकाप्रमाणंच भरलंय."

"मग पुस्तकाला बसव गाडीवर."

…

चहा आला. दोघे बाकावर बसले.

चाचा कप दोन्ही तळव्यांत धरून प्यायचे. सहा वर्षं रणधीर ते बघत होता, आणि ऊब घेत असतील असं समजत होता. आज चैत्राचं ऊन पत्र्यातून आग ओतत होतं. ऊब कुणाला हवी होती?

कप ओठांशी नेताना चाचांची मनगटं थरथरत होती.

कधीपासून दुखतंय, असं त्याने हळूच विचारलं.

"कोण म्हणतं दुखतंय?" चाचा म्हणाले, आणि उरलेला चहा संपवला.

…

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर चाचांना शेजारच्या धान्याच्या दुकानात घेऊन गेला आणि तांदळाच्या काट्यावर उभं केलं. बावन्न किलो. मग तो स्वतः उभा राहिला. चौऱ्याऐंशी. दुकानदार हसायला लागला, चाचाही हसले. रणधीर हसला नाही. परत येऊन त्याने चाचांना गाडीवर बसवलं आणि पुढचा भाग किती दबतो ते गुडघ्यावर बसून बघितलं. एकदा नाही, चार-पाचदा.

मग त्याने पुन्हा तेल सोडलं. या वेळी पातळ घेतलं. भरून झाल्यावर नळी सावकाश खाली-वर केली. तेलात अडकलेली हवा बुडबुड्यांनी वर येत होती. एक आला, दोन आले… तो थांबला. बऱ्याच वेळाने आणखी एक आला. नळीच्या काठापासून तेल किती खाली आहे ते त्याने पट्टीने मोजलं. डाव्या नळीत दोन मिलिमीटर कमी होतं. चार थेंब घातले, पुन्हा हलवलं, पुन्हा थांबला. दारात दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांना त्याने नंतर यायला सांगितलं. नळ्या पॉलिश करायचं त्याच्या ध्यानातच आलं नाही.

अकराला चाचा निघाले.

साडेअकरा झाले. बारा झाले.

एक वाजता त्याने फोन लावला, तर तो बाकावरच वाजला. चाचा फोन विसरून गेले होते.

रणधीर एकेक आठवू लागला. वरची झाकणं घट्ट केली होती. हँडलचे नट आवळले होते. चाकाचा आस… तोही आवळला होता. की आवळायचा म्हणून नुसता पाना हातात घेतला होता? जेवणाचा डबा तसाच राहिला. तीनला त्याने गिऱ्हाइकाची स्कूटर मागून घेतली आणि पूल ओलांडून पार पुढच्या तिठ्यापर्यंत जाऊन आला. रस्ता मोकळा होता. कुठे काही नव्हतं. परत येऊन तो उंबऱ्यावर बसला. पाटीचा, गाळ्याचा विचारही त्याला शिवला नाही. म्हातारा धड घरी येऊ दे, एवढंच तो म्हणत होता.

साडेचारला गाडीचा आवाज आला.

चाचांच्या केसांत धूळ होती. समोरच्या काचेवर किडेच किडे चिकटले होते. मागच्या पेटीतून त्यांनी ओल्या काजूगरांचं गाठोडं काढलं, रणधीरच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्याउभ्याच सांगत सुटले. चंदगडला गेले होते, मेहरुनकडे, धाकट्या बहिणीकडे. दोन वर्षांनी. तिने दारात बघितलं तर आधी ओळखलंच नाही, आणि ओळखल्यावर रडायलाच लागली. तिची म्हैस व्यायलीय. खरवस खाऊ घातला. वाटेत करवंदांच्या जाळ्या नुसत्या लगडल्यात. एका वळणावर मोर आडवा आला, तो जाईपर्यंत गाडी बंद करून उभे राहिले. मेहरुनला सांगून आलेत, अक्षय्य तृतीयेला गडहिंग्लजला यायचं, रणधीरच्या दुकानाला.

रणधीर ऐकत होता. चाचा बोलता बोलता एका हाताने घागर उचलून तांब्यात पाणी ओतून घेत होते.

त्याने पाणी पिऊन होऊ दिलं. मग राहवलं नाही.

"आणि फोर्क, चाचा?"

चाचा गाडीकडे वळले.

"आयला," ते म्हणाले, "तोच बघायला गेलो होतो की मी."