बाविसावं सोंग

पाय आत घ्या पांघरुणात. घेतले? मग ऐका.

सोनकी नावाची एक मुलगी होती. सात डोंगर आणि एक समुद्र ओलांडून ती शिकायला गेली होती. पाच पावसाळे झाले, तीन देश बघून झाले, आणि ती परत निघाली. वाटभर तिच्या मनात एकच चित्र. गावात सोंगांचा उत्सव असेल. वेशीवर संबळ वाजत असेल. दारं सताड उघडी असतील आणि लोक धावत येऊन म्हणतील, आली गं आली, आपली सोनकी आली!

आणि दिसलं काय? वेशीवर कुणी नाही. संबळ गप्प. ज्या गावात दाराला कधी कडी नव्हती, तिथे दर दाराला दोन-दोन कड्या. एक दार बोटभर उघडलं. फटीतून एक डोळा दिसला. आतून आवाज आला, "तू सोनकीच कशावरून?"

ती होती बायजाआत्या, बरं का. हिच्याच कडेवर सोनकी वाढलेली.

"आत्या, अगं मीच!"

"मग सांग, लहानपणी कुठे आपटली होतीस?"

"तुझ्याच जात्यावर. ही बघ हनुवटीवरची खोक."

आत्याने एक कडी काढली. दुसरी तशीच ठेवली, आणि फटीतूनच बोलायला लागली.

आता तुम्हाला त्या गावाची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गावात एकवीस सोंगं. म्हणजे एकवीस मुखवटे. कुठे वाघ, कुठे राक्षस, कुठे देवी. एका घराचा एक मुखवटा, त्याचा मान बापाकडून मुलाकडे आलेला. ते मुखवटे पांगाऱ्याच्या लाकडातून घडवायचा सोनकीचा बाप, धर्मा. मुखवट्याचे डोळे सगळ्यात शेवटी कोरून उघडायचे. आणि तेही तो घालणारा माणूस समोर बसला असेल तेव्हाच. सोंग अंगावर आलं की बोलायचं नाही. आणि नाच संपला की घरातल्या माणसाने उंबऱ्यावर उभं राहून तीनदा नाव घेऊन हाक मारायची. मग सोंग जातं आणि माणूस परत येतो.

"तर गेल्या वर्षी काय झालं," बायजाआत्या कुजबुजली, "नाचायला एकवीस निघाली आणि फेरात बावीस मोजली."

मग कसली झोप आणि कसलं काय! बाविसावं कोण? धुपाचा धूर, गुलाल, आणि फेर असा गरगर फिरणारा की मोजता यायचं, पण ओळखता यायचं नाही. धरायला जावं तर हातात शेजारीच सापडायचा. हाका सुरू झाल्या की ते बाविसावं प्रत्येक उंबऱ्यापाशी थांबायचं, आत डोकावायचं आणि धुरात नाहीसं व्हायचं. मग गावाला संशयाचं वेडच लागलं. भाऊ भावाचे हात हुंगायचा, गुलालाचा वास येतो का म्हणून. लखमा पाटलाने तर भर जेवणात बायकोला विचारलं, "तूच ना गं ती?" बायकोने वाढलेली भाकरी परत उचलून घेतली.

शेवटी सगळी बोटं धर्माकडे वळली. मुखवटे दुसरं कोण घडवतं? पाटलाने सांगून टाकलं, यंदाच्या उत्सवाच्या तीन दिवसांत बाविसाव्याचा उलगडा झाला नाही, तर धर्माने गाव सोडायचं. त्याच्या लाकूड कोरायच्या पटाश्या दरीत टाकायच्या.

"म्हणून म्हणते, तुझी पेटी सोडू नकोस," आत्या म्हणाली. "राहू दे बांधलेली. न जाणो, तुम्हाला जावं लागेल."

सोनकीच्या पेटीला निळी दोरी होती. ती तिने तशीच राहू दिली. आणि तरातरा चावडीवर गेली.

"माझ्या बाने जन्मात खोटं काम केलेलं नाही!" ती म्हणाली. "मी शोधते बाविसावं. आणि ते ज्याचं असेल, त्यानेच गाव सोडायचं. मग तो पाटील असो, नाहीतर माझा बाप असो!"

सगळ्यांनी माना हलवल्या. धर्मा तेवढा जमिनीकडे बघत राहिला. सोनकीला ते दिसलं नाही. तुम्हाला दिसलं ना?

पहिला दिवस. सोनकीला आठवला बर्फाचा देश. तिथे थंडीला हाकलायला माणसं केसाळ मुखवटे घालतात आणि कमरेला घंटा बांधून उड्या मारतात. मग तिने एकवीस नाचणाऱ्यांच्या कमरेला घुंगरं बांधली. म्हणाली, जो वाजणार नाही, तो बाविसावा. दिवस कलला आणि फेर सुरू झाला. पण एकवीस कमरांचा तो खणखणाट! त्यात गप्प कोण आहे, हे कसं कळणार? आणि झालं भलतंच. नाचणाऱ्यांतल्या कान्हूच्या घुंगरांची दोरी तुटून पडली. "कान्हूच तो! कान्हूच!" असा ओरडा झाला. त्या दिवसापासून कान्हूचा भाऊ त्याच्याशी बोलेना.

दुसरा दिवस. सोनकीला आठवलं पाण्याचं शहर. तिथे रस्त्यांऐवजी पाणीच आहे, बरं का, आणि सणाला लोक मुखवटे लावून होडीतून हिंडतात. ओळख पटवायला कानात एक खुणेचा शब्द सांगतात. मग सोनकीने एकवीस जणांना तसाच एक शब्द सांगितला आणि फेरात शिरून एकेकाला विचारलं, "शब्द?" कुणीच उत्तर देईना. कसं देतील? सोंगाने बोलायचं नसतं! आपल्याच गावाची रीत ही शहाणी विसरली होती. पाटलाची बायको म्हणाली, "आमचे हे तर घरातही बोलत नाहीत. मी ह्यांना कशावरून ओळखू, बाई?"

त्या रात्री सोनकीलाही सगळ्यांचा संशय यायला लागला. आत्या दुसरी कडी का काढत नाही? पाटील का हसला? बा का जेवला नाही? पण ह्या शेवटच्या प्रश्नाशी ती थांबली नाही. पुढे गेली.

तिसरा दिवस. आता एकच देश उरला, बेटांचा. तिथले म्हातारे नट एकाच मुखवट्याला हसवतात आणि रडवतात. मान वर केली की मुखवटा हसतो, खाली घातली की रडतो. लाकूड तेच, फक्त उजेड सरकतो. त्या बेटावरच्या एका म्हाताऱ्याने सोनकीला सांगितलं होतं, मुखवटा कळायला हवा असेल तर खाली बस आणि वर बघ.

मग ती फेराच्या मधोमध मांडी घालून बसली. एकेक सोंग तिच्यावर वाकून पुढे गेलं. राक्षस जास्तच चिडका दिसला. वाघ बावळट दिसला. वीस गेली. एकवीस गेली.

आणि बाविसावं आलं. अंगावर जुनी घोंगडी, आणि घोंगडीच्या आत कुणीच नाही. ते वाकलं. त्याच्या चेहऱ्यावर उजेड सरकला आणि ते रडायला लागलं. सोनकीने त्याची हनुवटी बघितली. हनुवटीवर खोक होती. जात्यावर पडल्याची.

तो तिचाच चेहरा होता.

हाका सुरू झाल्या. बाविसावं उंबऱ्या-उंबऱ्याशी थांबत, डोकावत निघालं. सोनकी त्याच्या मागे, पावलांचा आवाज न करता. ते गेलं कुठे, सांगा? धर्माच्या घराच्या मागे. लाकडं रचलेल्या खोपटात. तिथे एका खुंटीवर घोंगडी लटकली, वर मुखवटा लटकला, आणि सगळं निपचित झालं.

सोनकी घरात आली. धर्मा चुलीपाशी बसला होता.

"बा," ती म्हणाली, "त्याचे डोळे कुणासमोर उघडलेस?"

धर्माने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "कुणासमोर नाही. तुझा चेहरा विसरायला लागलो होतो, पोरी. खोक डावीकडे की उजवीकडे, तेही आठवेना. म्हणून घडवायला बसलो. डोळे बंदच ठेवणार होतो. पण तू नुसती झोपलेली दिसायचीस. वाटलं, एकदा माझ्याकडे बघ."

"आणि ते उठून गेलं."

"त्याला घालणारं माणूस हवं ना. ते शोधत हिंडायला लागलं."

"मग सांगितलं का नाहीस? सगळ्या गावाने कड्या लावल्या, बा!"

"पहिल्या दिवशी भ्यालो. मग रोजच गप्प बसावं लागलं."

सोनकी चिडली. मग रडली. मग तिला आपलंच बोलणं आठवलं, माझा बाप असो! रात्रभर ती पेटीवर बसून राहिली.

सकाळी गाव चावडीवर जमला. धर्मा पटाश्यांचं गाठोडं घेऊन उभा होता. सोनकीने काखेतून मुखवटा काढला आणि सगळ्यांसमोर सगळं सांगितलं. एक शब्द लपवला नाही.

"तर मग तुझ्याच तोंडचा निवाडा," लखमा पाटील म्हणाला. "ज्याचं सोंग, त्याने गाव सोडायचं."

"आधी एक सांगा," सोनकी म्हणाली. "गावात घरं किती?"

"एकवीस."

"मोजा."

पाटलाने बोटं मोडत घरं मोजली. एकवीस झाली. मग त्याची नजर धर्माच्या घरावर गेली. बोट तसंच राहिलं.

"बावीस," बायजाआत्या म्हणाली. "अगं बाई! मुखवटे घडवणाऱ्याचं घर आपण कधी मोजलंच नाही की. मग हे त्या घराचं हक्काचं सोंग, गाव कुणी का सोडायचं?"

"पण बायकामुली सोंग घेत नाहीत!" पाटील म्हणाला.

"मग तू घे," आत्या म्हणाली. "लाव तोंडाला."

पाटलाने लावून बघितला. नाकच आत जाईना. कान्हूचा भाऊ हसला, कान्हू हसला, आणि दोघं एकमेकांकडे बघून आणखी हसले.

"बरं, घे तूच," पाटील नाक चोळत म्हणाला. "पण हे दरवर्षी नाचवावं लागेल. नाहीतर पुन्हा हिंडत सुटेल. तू उद्या समुद्रापार निघून गेलीस तर?"

सोनकी तडक घरी गेली. मुखवटा बांधायला दोरी हवी होती. तिने पेटीची निळी दोरी सोडली, पेटी उघडी टाकली, आणि त्याच दोरीने मुखवटा तोंडाला बांधला. मग सकाळच्या उन्हात ती एकटी नाचली, आणि संबळ वाजला.

नाच संपला तेव्हा धर्मा हाक मारायला आपल्या उंबऱ्यावर उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा. त्याने हाक मारली, "सोनके!" मग पुन्हा, "सोनके!" तिसरी हाक त्याने अगदी हळू मारली, पण तिला ऐकू गेलं.

धर्माला शिक्षा झालीच, बरं का. त्याच पटाश्यांनी त्याने सगळ्या दारांच्या कड्या काढायच्या. चार दिवस लागले. पुढे गाव सुखात राहिला आणि फेरात बावीसच मोजू लागला.

आपल्याही दाराला आज कडी नाही. बघत काय बसलात? मी आहे ना इथे. मिटा डोळे. सकाळी एकेकाला नाव घेऊन हाक मारीन.