खुरांचा कौल

माणसांनी रानाला कुंपण घालायच्याही आधीच्या काळी रानाची सभा भरे आणि प्रत्येक कळपातून एक जण तिथे जाई. चितळांच्या कळपात रिवाज असा, की ज्याच्या नावाला जास्त खूर आपटतील, तो सभेला जाणार.

वर्षानुवर्षे शिंगाळ हा थोरला नरच बिनविरोध जात होता, त्यामुळे खूर आपटायची वेळच आली नव्हती. यंदा टिकली नावाची तरुण हरिणी त्याच्यासमोर उभी राहिली. नदीवर पाणी पिताना तिच्या भावाला मगरीने नेले होते. वरचा झरा गव्यांनी अडवला होता. तो सगळ्यांना खुला करा, असे तिला सभेत सांगायचे होते.

"गव्यांना दुखवून चालत नाही, पोरी. सबुरीनं घ्यावं लागतं," शिंगाळ म्हणाला.

"सबुरी मगरीला सांगा, काका."

कौल घेणारी म्हातारी हरिणी ओरडली, "शिंगाळसाठी!"

धाडधाड खूर आपटले. पण खूर आपटणे हीच चितळांची धोक्याची खूण. एवढा आवाज होताच शिंगाळने सगळ्यांच्या आधी उडी ठोकली आणि कळप त्याच्यामागे उधळला.

टिकलीचेही पाय उचलले होते. पण शेजारी एक पाडस धडपडत होते, त्याला उठता येईना. भावाच्या वेळी ती पळाली होती. आता ती पाडसाला पोटाखाली घेऊन उभी राहिली.

धापा टाकत कळप परतला.

"कोण आलं होतं?" शिंगाळने विचारले.

"कोणी नाही, काका. तुमचीच मतं पडत होती."

म्हातारीने दुसरे नाव घेतले, "टिकलीसाठी!"

एकही खूर आपटला नाही. पाडसाची आई मान खाली घालून आली आणि टिकलीच्या शेजारी उभी राहिली. मग एकेक करून बाकीचेही आले.